मुकं शे का बहिरं?

चोपड्याच्या बाहेर, यावल रस्त्याला,
केळी पिकवायच्या तीन नंबर खोलीसमोर
मी पालथ्या क्रेटवर बसले आहे.
मांडीवर लॅपटॉप, गुडघ्यावर बोर्ड,
मध्ये तीन वायरी.
रात्रीचे पावणेबारा, मे महिना, भिंत अजून गरम.
आत नऊ टन माल
आणि पंखे दुपारपासून कुणाचं ऐकत नाहीत.

पडदा काळा.
कोपऱ्यात कर्सर तेवढा उघडझाप करतो,
पण तो माझ्या बाजूचा. त्याचं काही धरायचं नसतं.

हिलाल आप्पा टॉर्च घेऊन उभे.
"मुकं शे का बहिरं?"
डिप्लोमाच्या तीन वर्षांत
इतका नेमका प्रश्न मला कुणी घातला नव्हता.

आधी वायरींची अदलाबदल केली.
एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागावं लागतं.
तोंडाला तोंड लावून दोघं बोलत बसले
तर ऐकणार कोण?
काही नाही.

मग वेग. नऊ हजार सहाशे,
अडतीस हजार चारशे,
एक लाख पंधरा हजार दोनशे.
वेग चुकला असता तर निदान कचरा आला असता,
चौकोन, प्रश्नचिन्हं, फुटक्या बांगड्यांसारखी अक्षरं.
कचराही नाही.
कचऱ्याची इतकी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग बोर्ड बाजूला ठेवून
अडॅप्टरचीच दोन टोकं केसातल्या पिनेने जोडली
आणि टाइप केलं: आहेस का
लगेच उमटलं: आहेस का
म्हणजे माझं मला ऐकू येतं. केबल ठीक.

काळी वायर तपासली.
दोघांची जमीन एक नसेल
तर तुझा शून्य वेगळा, माझा वेगळा,
बोलणं मोजायचं कुठून?
जमीन एकच होती.

शेवटी मल्टिमीटरचं लाल टोक टीएक्सच्या पायावर टेकवलं.
तीन पूर्णांक तीन व्होल्ट. हलत नाही.
मेलेल्या तारेवर शून्य असतं.
गप्प तार मात्र उंच असते, सगळा वेळ,
वर्गात हात वर करून बसलेल्या पोरासारखी,
ज्याला बाई विचारतच नाहीत.
मुकं नाही, आप्पा. बहिरंही नसावं.
"मंग?"

माझ्याकडे मग नव्हतं.
त्यांनी फडकं सोडून कळण्याची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली,
वर ठेचा.
खोलीच्या दाराला तळहात लावला,
तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा,
आणि म्हणाले, "वास बदली राह्यना."

ठेच्याची बोटं ओढणीला पुसून
कार्ड काढलं, लॅपटॉपात घातलं.
सुरुवातीच्या फाइलीत, सतराव्या ओळीत
एकच शब्द: सायलेंट. पुढे एक.
आणि वर टीप:
शेठ विचारतात, हे इंग्रजी काय पळतं. बंद केलं.
तारीख दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची.
सही: चा. बो.

चारुशीला बोरसे.
मी.

साडेपाचची धुळे गाडी पकडायची होती त्या दिवशी.

ओळ पुसली. कार्ड परत. वीज दिली.
पडदा भरत गेला, वर सरकत गेला,
मेमरी, घड्याळ, नेटवर्क, सगळं सांगून झालं
आणि मग तो एकाच जागी अडला:
तापमान सेन्सर सापडत नाही, पुन्हा शोधतो.
तापमान सेन्सर सापडत नाही, पुन्हा शोधतो.
दर तीन सेकंदांनी.
दुपारपासून हेच म्हणत असणार,
मी बांधलेल्या तोंडाने.

"आते काय म्हनस?"
"म्हणतो, उंदीर."
असं तो म्हणत नव्हता.
पण आप्पांचा टॉर्च तोवर पाइपामागे पोचला होता,
तिथे कुरतडलेलं तांबं चमकलं.

पीळ, टेप, पंखे. सव्वा वाजला.
ती ओळ परत घालायची का,
मी थोडा वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसले.
सकाळी शेठ विचारतीलच.
विचारू देत.

आप्पांनी दुसरा क्रेट ओढला
आणि पडद्यासमोर मांडी घालून बसले.
त्यातलं एक अक्षर त्यांना येत नाही.
"राहू दे चालू," म्हणाले,
"रातले तेवढंच सोबत."